नदीचा भाव, रस्त्याचा भाव

तळेगाव नावाची गावे महाराष्ट्रात इतकी आहेत, की प्रत्येकाला एखादे शेपूट जोडल्यावाचून टपाल खात्याचे आणि एसटीचे भागत नाही. दाभाडे, ढमढेरे, दशासर, टालाटुले... त्यांतलेच एक तळेगाव (श्यामजी पंत). वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावर नागपूरहून शंभरेक किलोमीटरवर. पंत कंसात आहेत म्हणून बरे, नाही तर दशासरच्या शंकरपटाला निघालेला माणूस इकडे येऊन उतरायचा!

या तळेगावात दोन रस्ते एकमेकांना छेद देतात. एक पूर्व-पश्चिम. त्याला आपण सारे जन्मभर 'नॅशनल हायवे सहा' म्हणत आलो. २०१० साली देशातल्या महामार्गांचे आकडे बदलले आणि तो ५३ झाला. हजिऱ्याहून निघून सुरत, धुळे, अमरावती, नागपूर, रायपूर करीत पार पारादीपच्या बंदरापर्यंत जाणारा हा रस्ता. त्याला तळेगावशी काही देणेघेणे नाही. तळेगाव त्याच्या वाटेत येते, एवढेच. पश्चिमेला तो वर्धा नदी ओलांडतो आणि तिवसा, गुरुकुंज मोझरीवरून अमरावतीकडे निघून जातो. दुसरा रस्ता उत्तर-दक्षिण. मुलताई, प्रभात पट्टण, वरूड, मग नदी ओलांडून साहूरकडून आष्टी, तळेगाव, आर्वी. आर्वीला त्याला दोन फाटे फुटतात. एक खरांगण्यावरून वर्ध्याला जातो, दुसरा रोहणा-विरूळवरून पुलगावला. पुष्कळ वर्षे हा नुसता राज्य महामार्ग होता. आता त्यातल्या मुलताई ते आर्वी-वर्धा या भागाला ३४७-अ असा राष्ट्रीय महामार्गाचा आकडा मिळाला आहे. पण माणसे त्याला अजून 'आर्वी रोड' किंवा 'आष्टी रोड'च म्हणतात.

हा दुसरा रस्ता म्हणजे वर्धा नदीचा रस्ता. नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि रस्ताही मुलताईहूनच खाली उतरतो. पुढे शंभराहून अधिक किलोमीटर दोघे जोडीने दक्षिणेकडे जातात. गंमत अशी की, या सबंध प्रवासात नदी दिसते ती पुलावरून. एरवी ती बाजूला कुठे तरी आहे एवढेच प्रवाशाला ठाऊक असते. कारण उघड आहे. काठची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात तीत बंडीचे चाक आसापर्यंत रुतते. शिवाय पूर्वेच्या डोंगरांतून बाकळीसारख्या नद्या आणि असंख्य नाले या वाटेला आडवे येऊन वर्धेला मिळतात. म्हणून जुन्या लोकांनी वाट धरली ती पूररेषेच्या वर, मुरमाड उंचवट्यावरून. नदीकाठच्या गावांना तिथून पांदणीने उतरायचे. गाव पाण्याजवळ, वावर गावाजवळ आणि रस्ता दोघांपासून कोसभर वर, अशी ही रचना शेकडो वर्षे चालत आली. ती मोडली ती गेल्या पन्नास वर्षांत. कशी मोडली आणि त्याचा हिशेब कोणी कोणाला दिला, याबद्दल मला आज लिहायचे आहे. पण आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. हा हिशेब मुळातच जुना आहे.

वर्धा ही मुलखाची सीमा म्हणूनच इतिहासाला माहीत आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या अखेरीस अग्निमित्र विदर्भाचे राज्य यज्ञसेन आणि माधवसेन या दोघा चुलतभावांत वाटून देतो. मधली हद्द कोणती? तर वरदा नदी. म्हणजे भावाभावांच्या वाटणीत ही नदी तेव्हापासून धुऱ्याचे काम करते आहे! तिच्या पश्चिम काठावर, आर्वीच्या पलीकडे, कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. इथून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, तिची परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगतात. मोरेश्वर दीक्षितांनी १९६२ ते ६४ या काळात तिथे उत्खनन केले. जुन्या वस्तीचे थर सापडले आणि पुराणातले गाव इतिहासातही आले.

मोगल काळात आष्टीची जहागीर मुहम्मदखान नियाझी या अफगाण सरदाराकडे आली. त्याने हा भाग लागवडीखाली आणला. आष्टी-आमनेर-पवनारबरोबर तळेगावचा परगणाही त्याच्याकडे होता. त्याचा आणि अहमदखानाचा असे दोन देखणे मकबरे आजही आष्टीत उभे आहेत. आर्वी-आष्टीच्या याच टापूत गवळाऊ जातीची पांढरीशुभ्र, चपळ जनावरे निपजली. घाटवाटांनी सामान वाहून धावणारे हे बैल मराठ्यांच्या फौजांना फार उपयोगी पडत. म्हणजे वाहतूक हा इथल्या मातीचाच धंदा.

मग १८०३ साल उजाडले. अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहावर भोसल्यांची सही झाली. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला, तो निजामाच्या पदरात पडला. पूर्वेचा नागपूरकरांकडे राहिला. पुढे दोन्ही इंग्रजांकडे आले तरी हद्द हलली नाही. पश्चिमेला वऱ्हाड, पूर्वेला मध्य प्रांत. याला नुसती नकाशावरची रेघ समजू नये. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी स्वतःच्या नावाने सरकारात सारा भरी. आमच्या काठावर मालगुजारी. मालगुजार मध्ये उभा. ती पद्धत १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने संपली. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होता, त्यामुळे भूमिस्वामी, भूमिधारी असे शब्द आमच्या काठच्या सात-बाऱ्यांत पुढे कितीतरी वर्षे रेंगाळले. शेतीकर्ज देताना हक्काचे कागद तपासायचे काम माझ्याकडे असे. नदीच्या एका काठचा शेतकरी आणि दुसऱ्या काठचा शेतकरी यांची पिके तीच, पाऊस तोच, बायका एकमेकांच्या गावच्या, पण कागदाची भाषा वेगळी! हा फरक नुसता गमतीचा नाही. ज्याचा कागद गुंतागुंतीचा, त्याची जमीन सरकारात जाताना त्याचे हातही तितकेच बांधलेले असतात.

रस्त्याला खरी किंमत आली ती कापसाने. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. वाटेत वर्धा नदीवर पूल झाला आणि त्या पुलापाशी वसलेल्या गावाचे नाव पडले पुलगाव. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ नुकताच सरत होता. आर्वी ही कापसाची मोठी पेठ. तिचा माल बंड्यांनी नदीच्या वाटेने पुलगावला जाई. १९१७ साली त्याच वाटेशेजारून नॅरोगेज गाडी सुरू झाली. पुलगाव ते आर्वी, पस्तीसेक किलोमीटर. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या 'शकुंतले'ची ही बहीण. ती बंद पडून आता तीसेक वर्षे होत आली. तिचे रुंदीकरण करावे, ती आर्वी-तळेगाव-आष्टी-वरूड करीत आमल्यापर्यंत न्यावी, ही मागणी निवडणुकीगणिक फुलते आणि सुकते. असो.

या रस्त्याने फक्त कापूसच वाहिला असे नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आसपासच्या खेड्यांतली माणसे आष्टीच्या पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला निघाली. गोळीबार झाला, सहा जण हुतात्मे झाले. संतापलेल्या जमावाच्या हातून ठाणेदार आणि शिपाईही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही तेच घडले. पाठीमागे प्रेरणा होती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची. त्यांचे गुरू आडकोजी महाराज पलीकडच्या काठावरच्या वरखेडचे. तळेगावजवळच्या घाटाचे नाव 'सत्याग्रही घाट' आहे, ते नागपूरहून गाडीने येणाऱ्या किती जणांच्या ध्यानात येते?

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

स्वातंत्र्यानंतर या नदीवर दोन मोठी धरणे झाली. वर मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा, त्याच्या जलाशयाला नळदमयंती सागर असे सुरेख नाव दिले आहे. खाली आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा. वरच्या धरणाचे काम १९९३ साली पूर्ण झाले, खालच्याचे त्याहून पुष्कळ रेंगाळले. नदीच्या काठची, म्हणजे सर्वांत काळी आणि सर्वांत खोल जमीन पाण्याखाली गेली. पांदणीच्या टोकाला असलेली गावे उठली आणि वर, रस्त्याच्या बाजूला, आखीव चौकोनी गावठाणांत येऊन बसली. शेकडो वर्षे रस्त्यापासून कोसभर दूर राहिलेला माणूस रस्त्याशेजारी आला. नदी मात्र त्याला परकी झाली.

पाणी अडवू नये, असे मी म्हणत नाही. अमरावती शहर अप्पर वर्धाचे पाणी पिते. मोर्शी-वरूडच्या संत्र्याला, खालच्या कपाशीला पाणी हवेच होते. वीज केंद्रालाही पाणी लागते. त्यावरून नांदगाव पेठेच्या औष्णिक केंद्राच्या वेळी केवढा वाद झाला, हे वाचकांना आठवत असेल. धरणाची गरज मान्य करूनच मला विचारायचे आहे, की ज्याच्या वावरावर हे पाणी उभे आहे त्याला आपण काय भाव दिला?

भाव ठरला तो १८९४ च्या, इंग्रजांनी केलेल्या भूसंपादन कायद्याने. अधिसूचना निघाली त्या दिवशीचा बाजारभाव आणि त्यावर दिलासा रक्कम, जिला सरकारी भाषेत 'तोषण' म्हणतात, ती १५ टक्के. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० झाली. कागदावर हे न्याय्य वाटते. पण बाजारभाव कसा काढायचा? तर आसपासच्या खरेदीखतांवरून. आणि आपल्याकडे खरेदीखतात खरी रक्कम कोण लिहितो? मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी हजाराचे पाचशे लिहायचे, ही तर गावोगावची रीत. त्यातून शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या खरेदीत वाचवलेले चार पैसे त्याच्या स्वतःच्या मोबदल्यातून कापले गेले. दुसरी मेख आणखी वाईट. निवाड्याची रक्कम उचलताना 'हरकत राखून घेतली' एवढे शब्द कागदावर नसतील, तर वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली न्यायालयाचा दरवाजा बंद. अर्जाची मुदत आठवड्यांत आणि महिन्यांत मोजलेली. पुढे १९८४ साली २८-अ हे कलम आले. शेजाऱ्याला न्यायालयाने वाढवून दिले तर तुम्हीही मागा, पण तीन महिन्यांच्या आत. ज्याला अंगठ्यावर व्यवहार करायची सवय, त्याने ही कलमे कुठून वाचावीत? ज्या घरात एखादा शिक्षक होता, तालुक्याला ओळखीचा वकील होता, त्या घराला दुप्पट-तिप्पट मिळाले. त्याच्याच धुऱ्यापलीकडच्याला पहिल्या निवाड्यावर समाधान मानावे लागले. एकच काळी माती, एकच पाणी, दोन भाव.

या भागातल्या एका शाखेत मी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात काम केले. धरणाच्या पैशाचे चेक तेव्हा आमच्या खिडकीवर येत. शाखांना ठेवींची उद्दिष्टे असत, त्यामुळे अशा खातेदाराचे स्वागत चहाने होई. पाच वर्षांच्या ठेवीला दहा-अकरा टक्के व्याज मिळे, ते ऐकून शहरातला माणूस खूश झाला असता. एक म्हातारे गृहस्थ ठेवीची पावती उलटीसुलटी करीत मला म्हणाले होते, "सायेब, पैसा हाय तं वावर भेटत नाही. भेटते तं त्याले आता दुप्पट पैसा लागते. मंग हे कागद घेऊन करू काय जी?" अर्थशास्त्राच्या भाषेत त्यांचे म्हणणे असे, की एकाच वेळी शेकडो कुटुंबांच्या हातात पैसा आणि शेकडो एकर जमीन बाजारातून गायब, मग उरलेल्या जमिनीचा भाव चढणारच. मोबदला ठरतो जुन्या भावाने आणि खर्चावा लागतो नव्या भावाने. पर्यायी जमीन द्यायची तरतूद पुनर्वसनाच्या कायद्यात आहे, पण तीसुद्धा फुकट नाही. मोबदल्याची ६५ टक्के रक्कम सरकारकडे परत भरा, मग जमीन. दोन वर्षे त्या पैशावर घर चालवलेल्या माणसाने ती भरायची कुठून?

आता त्याच टापूतली दुसरी गोष्ट ऐका. २०१३ साली नवा भूसंपादन कायदा झाला. ग्रामीण भागात बाजारभावाला गुणक आणि त्यावर शंभर टक्के तोषण. २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या जमिनीलाही ते लागू झाले. पुढे गुणकात फेरफार झाले, पण जुन्या कायद्याशी तुलनाच नाही. नंतर समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत खुला झाला, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण. वर्धा जिल्ह्यात तो सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांतून जातो, विरूळजवळ त्यावर चढता-उतरता येते आणि पुढे वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरतो. त्यासाठी जमिनी थेट खरेदीने घेतल्या. चौपटीवर आणखी पंचवीस टक्के धरून दर तक्त्याच्या पाचपटीपर्यंत भाव. गावोगाव जाऊन अधिकारी कागद करून देत होते. पैसे थेट खात्यात.

शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला याचे मला वाईट कसे वाटेल? उलट रस्त्याने पहिल्यांदाच शेतकऱ्याशी गिऱ्हाइकासारखे बोलायची रीत घातली. या पैशाने काही घरे सावरली, मुलींची शिक्षणे झाली, काहींनी दूरच्या तालुक्यात दुप्पट जमीन घेतली. काहींच्या दारात गाडी आली आणि दोन वर्षांत गाडीबरोबर पैसाही गेला, तेही खरे. या पैशाने आणखी एक गोष्ट उघडी केली. सात-बाऱ्यावर बहिणींची नावे असतात, हे अनेक भावांना रस्ता आल्यावर आठवले. एरवी दिवाळी-राखीला आठवणारी बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला गाडी पाठवून आणली जाऊ लागली. काही बहिणींनी साडी-चोळीवर सह्या केल्या. काहींनी 'माझा वाटा द्या' म्हटले आणि माहेर तुटले. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला आहे. कायदा घरात शिरायला मात्र हमरस्ता यावा लागला!

पण विचार करा. आर्वी तालुक्यात असे एखादे कुटुंब सहज सापडेल, की ज्याच्या आजोबाची काठची जमीन धरणात गेली आणि काकाची मुरमाड जमीन महामार्गात. काठची जमीन केव्हाही सरस, तिच्यावर गहू-हरभरा नुसत्या ओलीवर येई. मुरमाड जमिनीवर तूरसुद्धा जीव मुठीत धरून उभी. मिळालेल्या रकमा मात्र उलट्या. काळाचा फरक सोडून द्या, रुपयाची घसरण हिशेबात धरा, तरी तफावत भरून निघत नाही. कारण ती महागाईची नसून कायद्याची आहे. आपण शहरापर्यंत लवकर पोहोचावे म्हणून जी जमीन गेली तिला पाचपट आणि शहराला पाणी मिळावे म्हणून जी गेली तिला १५ टक्के तोषण, असा हा प्रकार आहे.

याची खदखद अधूनमधून वर येते. २०२३ साली अप्पर वर्धाच्या धरणग्रस्तांनी मोर्शीला शंभराहून अधिक दिवस धरणे धरले. कोणी लक्ष देईना, तेव्हा २९ ऑगस्टला ती माणसे मुंबईला मंत्रालयात गेली आणि वरच्या मजल्यावरून मधल्या संरक्षक जाळीवर त्यांनी उड्या घेतल्या. दूरचित्रवाणीवर दोन दिवस ती चित्रे फिरली. त्यांत पांढऱ्या केसांचीही माणसे होती. पुष्कळांनी नाके मुरडली. 'पन्नास वर्षांपूर्वीचे व्यवहार उकरून काढायचे म्हटले तर सरकारचा खजिना पुरेल काय?' असे एका विचारी मित्राने मला विचारले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोयनेपासून उजनीपर्यंत सगळेच उद्या रांगेत उभे राहतील.

माझे उत्तर असे. सगळे निवाडे पुन्हा उघडा, असे मी म्हणणार नाही. बँकेत तीस वर्षे काढलेला माणूस असे म्हणूच शकत नाही. पण बँकेतसुद्धा जुन्या, थकलेल्या खात्यांत एकरकमी तडजोड करतातच की! तिथे कर्जदाराला सूट देऊन खाते मिटवतो. इथे देणेकरी सरकार आहे. सरकारने हे तत्त्व मान्य केल्याचा दाखलाही आहे. २००६ ते २०१३ या काळात विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांसाठी ज्यांच्या जमिनी सरळ खरेदीने घेतल्या, त्यांना हेक्टरी पाच लाख रुपये सानुग्रह अनुदान देण्याचा निर्णय २०२५ साली झाला. ज्यांना कमी मिळाले त्यांना थोडे भरून देता येते, हे तिथे कबूल केले. मग त्याच नदीवर, त्याहून आधी, त्याहून कमी भावात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनाच दाराबाहेर का ठेवायचे? सगळ्यांना एका मापाने देणे जमत नसेल, तर निदान ज्यांनी फक्त पहिल्या निवाड्याची रक्कम घेतली, ज्यांची ना कलम १८ खाली अपील झाली ना २८-अ खाली, त्यांच्यापासून सुरुवात करावी. ही माणसे न्यायालयात हरलेली नाहीत. ती तिथवर पोहोचलीच नव्हती.

नोकरीतल्या आरक्षणाचेही तसेच. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दाखला एका घरात एकाला. तो नातवापर्यंत येतो तेव्हा नातू चाळिशीला टेकलेला असतो आणि भरती निघालेली नसते. दाखल्याची किंमत पैशात करून द्यावी, असे धरणग्रस्तांतलेच काही म्हणतात, आणि मला ते व्यवहाराचे वाटते. जलाशयाच्या काठावर संपादित होऊनही न बुडालेली, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन असते. ती पहिल्या हक्काने मूळ मालकाला कसायला द्यावी. यात खजिन्याचे काहीच जात नाही.

इकडे आष्टी-तळेगाव-आर्वी रस्त्याला राष्ट्रीय आकडा लागल्यापासून रुंदीकरण, वळणरस्ते, नवे पूल यांच्या गोष्टी चालू आहेत. पुढेही जमिनी लागतील आणि नव्या कायद्याने त्यांना भावही बरा मिळेल. माझी एवढीच मागणी आहे, की मोजणीचे पथक या रस्त्याच्या कडेला दगड रोवायला येईल तेव्हा त्याच अधिकाऱ्यांनी पुनर्वसित गावठाणांतही जावे. ही गावठाणे रस्त्याला लागूनच आहेत, वाकडी वाट करायची गरज नाही. कोणाची किती जमीन कोणत्या निवाड्यात गेली, किती रक्कम मिळाली, हरकत नोंदली होती की नव्हती, वारस कोण, याची गाववार यादी करून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. निवाड्यांचे जुने कागद भूसंपादनाच्या दप्तरांत आहेत. ज्यांनी ते व्यवहार केले ती पिढी ऐंशीच्या घरात आहे आणि दरवर्षी एकेका खातेदाराच्या जागी पाच-सहा वारस उभे राहत आहेत. शाखेत असताना अशा खात्यांना आम्ही लाल शाईने खूण करून ठेवत असू. वारस वाढण्याआधी ती निकाली काढावी लागतात, नंतर सह्याच गोळा होत नाहीत.